तुम्ही विचारलंत म्हणून: डिस्क अजून घेतंय कोण?

"सगळं डाउनलोड होतंय की आता. डिस्क अजून घेतंय कोण?" राजारामपुरीतल्या आमच्या गेमच्या दुकानात पहिल्यांदा येणारा माणूस शेल्फकडे बघून हमखास हे विचारतो. काउंटरवर गर्दी असली की उत्तर घाईत उरकावं लागतं, म्हणून इथे नीट लिहितो.

घेतंय कोल्हापूर. प्लेस्टेशन 5 (टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन, म्हणजे कन्सोल) च्या नव्या मोठ्या गेमची सील पॅक किंमत बऱ्याचदा 4,999 रुपये असते. कॉलेजच्या पोराला एवढे पैसे एकदम काढणं जड जातं. तो एक गेम घेतो, संपवतो, परत आणून देतो आणि वर थोडे पैसे भरून दुसरा नेतो. गेम कन्सोलमध्ये इन्स्टॉल झाला तरी खेळताना डिस्क आत असावीच लागते, त्यामुळे डिस्क दिली की गेमही दिला. डाउनलोड केलेला गेम मात्र खात्याला चिकटून बसतो. मन भरलं तरी तो विकता येत नाही, धाकट्या भावाच्या मित्राला देता येत नाही. आमच्याकडची एकेक डिस्क शिवाजी पेठेतून इचलकरंजीला, तिथून कागलला फिरून आलेली असते.

आणि डिस्क परत द्यायला पोरगा येतो तेव्हा मत घेऊन येतो. दुकानात बसायला मला आवडतं ते यासाठीच. 2017 चा 'अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी' पश्चिम घाटात घडतो. होयसळांची पडकी मंदिरं, धबधबे, गणपतीच्या सुळ्याचा शोध, असं कथानक. आजऱ्याकडच्या एका पोरानं ती डिस्क परत आणली आणि म्हणाला, "दादा, ती क्लोई हत्तीवर बसून फिरायल्या. आमच्यात हत्ती आला की गाव रातभर उसाच्या कडंला जागं असतंय." क्लोई म्हणजे त्या गेमची नायिका. आजरा-चंदगडला रानहत्ती पिकात शिरतात, त्यामुळे त्याचं बोलणं मला मनापासून पटलं. गेममधला ओला, शेवाळलेला दगड बघून आंबा घाट आठवतो, काम इतकं सुंदर आहे. सुरुवातीला पावसातलं शहर आणि बाजारही आहे. पण एकदा घाटात शिरलं की हत्यारबंद टोळीशिवाय माणूस दिसत नाही. घाटात वस्त्या आहेत, शेती आहे, गुरं आहेत. कुणीतरी त्या घाटावर गेम बनवावा अशी माझी फार इच्छा आहे.

आपल्याकडे असे गेम बनतच नाहीत असं कुणी म्हणालं की मी 'राजी' खेळायला सांगतो. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सनं तो 2020 मध्ये काढला. भावाला शोधत निघालेली मुलगी, आणि मधली गोष्ट सावल्यांच्या बाहुल्यांतून पुढे सरकते. घाट उतरून कुडाळकडे गेलं की पिंगुळीला ही कला अजून जिवंत आहे, म्हणून आपल्या भागातल्या माणसाला तो भाग जास्त भिडतो. 'राजी' मी डाउनलोड करूनच घ्यायला सांगतो. चांगला गेम माणसापर्यंत पोचावा, दुकानातून गेला नाही तरी चालेल.

आता फुटबॉलचं. कोल्हापुरात डिस्कचा विषय फुटबॉलशिवाय पुरा होतच नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि प्रॅक्टिस क्लब या इथल्या फुटबॉल संघांची मॅच असली की संध्याकाळी दुकानात तीच मॅच पुन्हा सुरू होते. 'फिफा 22' या फुटबॉलच्या गेमपासून करिअर मोडमध्ये (एकच संघ हंगामामागून हंगाम चालवायचा प्रकार) स्वतःचा क्लब उभा करता येतो: नाव, जर्सी, मैदान सगळं आपलं. पोरांनी आपापल्या तालमींचे क्लब काढले आणि थेट इंग्लंडच्या लीगमध्ये उतरवले. त्याच गेममध्ये इंडियन सुपर लीगही आली. 2017 च्या 17 वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव आपल्या कोल्हापूरचा, त्यामुळे पोरं आधी त्याचं नाव शोधायला बसली.

पुढं फिफा ही फुटबॉलची जागतिक संघटना आणि हे गेम काढणारी कंपनी ईए यांचा नावाचा करार संपला. 'फिफा 23' हा त्या नावाचा ईएचा शेवटचा गेम ठरला. सप्टेंबर 2023 मध्ये ईएचा नव्या नावाचा फुटबॉल गेम 'एफसी 24' यायच्या सुमारास जुने फिफा ऑनलाइन स्टोअरवरून काढून टाकले. ज्यांनी आधी विकत घेतले होते त्यांचे राहिले, नव्या माणसाला स्टोअरचं दार बंद. आज कुणाला 'फिफा 23' पहिल्यांदा घ्यायचा असेल तर सेकंड हँड डिस्क शोधणं हाच साधा रस्ता. ती आली की आमच्याकडे टिकत नाही. दोन रिमोट लावून घरातल्या टीव्हीवर खेळायला ती अजून झकास आहे.

अशी डिस्क विकत घेताना मी ती ट्यूबलाइटखाली तिरकी धरून हळूहळू फिरवतो. मधून कडेकडे गेलेला बारीक ओरखडा दिसला तरी सहसा चालतो. गोलाकार, ट्रॅकच्या दिशेनं गेलेला ओरखडा वाईट, कारण तिथं सलग माहिती वाचता येत नाही. प्लेस्टेशन 4 आणि 5 च्या डिस्क ब्लू-रे असतात. त्यांत माहितीचा थर पृष्ठभागापासून जेमतेम 0.1 मिलिमीटर आत असतो, म्हणून वर कडक लेप दिलेला असतो. लेप रोजची घासाघीस सोसतो, पण खोल चरा पडला की डीव्हीडीसारखं घासून पॉलिश करायला जागाच नसते. पुसायची तर मऊ कापडानं, मधून बाहेर सरळ. शर्टाच्या टोकानं गोल गोल पुसणारे बघितले की जीव कळवळतो.

डिस्क असली म्हणजे सगळं सुरक्षित, असंही मी सांगत नाही. युबिसॉफ्ट कंपनीच्या 'द क्रू' या गेमचे सर्व्हर 31 मार्च 2024 ला बंद झाले. तो कायम इंटरनेट लागणारा गेम होता, त्यामुळे डिस्क हातात असलेल्यांनाही तो खेळता येईना. हे मला साफ चुकीचं वाटतं. पैसे घेऊन विकलेला गेम बंद करताना एकट्यानं खेळण्यापुरता तरी तो चालू ठेवायला हवा. म्हणून ऑनलाइनशिवाय सुरूच होत नाही अशा गेमची डिस्क कुणी मागितली, की पैसे घेण्याआधी मी हे सांगतो. काहीजण घेत नाहीत, चालतंय.

आणि प्लेस्टेशन 5 घेणार असाल तर ड्राइव्हवालाच बघा. 2023 पासूनच्या बारीक डिजिटल मॉडेलला ड्राइव्ह मागाहून जोडता येतो, जोडताना एकदा इंटरनेट लागतं. 2020 मध्ये निघालेल्या पहिल्या डिजिटल मॉडेलला मात्र तो लावताच येत नाही. सेकंड हँड मशीन स्वस्तात मिळतंय असं कुणी सांगितलं तर पुढच्या बाजूला डिस्कची खाच आहे का तेवढं बघून मगच पैसे द्या, नाहीतर फोटो पाठवा, मी बघून सांगतो.