मागच्या सीटवरून श्टुटगार्ट

श्टुटगार्टहून दक्षिणेला बोडेन सरोवराच्या दिशेने जाणारा ए-८१ हा महामार्ग फार देखणा आहे, असे मला निघण्यापूर्वी अनेकांनी सांगितले होते, आणि तो मी पाहिलाही. फक्त स्वतःच्या दोन गुडघ्यांच्या मधून पाहिला. भाच्याने हौसेने भाड्याने घेतलेली गाडी आलिशान होती, इलेक्ट्रिक होती, आणि तिचे भाडे आमच्या हॉटेलच्या खोलीपेक्षा जास्त होते. ती कोणत्या कंपनीची होती हे सांगत नाही, कारण माझी तक्रार एका कंपनीपुरती नाही. पुढे भाचा आणि त्याच्यासमोर या टोकापासून त्या टोकापर्यंत डिजिटल पडदेच पडदे. मागे मी आणि ताई, म्हणजे त्याची आई. चामडे मऊ होते, शिवण सुबक होती, पाठ चोळून देणारी यंत्रणा होती, पाय समोर पसरायला जागाही भरपूर होती. तरीही शहराबाहेर पडता पडताच ताई म्हणाली, "अगं, जेवायला पाटावर बसवल्यासारखं वाटतंय."

तिचे निदान अचूक होते. गाडीचा तळ उंच होता आणि सीट त्या मानाने ठेंगणी होती, त्यामुळे गुडघे वर, मांड्या सीटपासून सुटलेल्या आणि शरीराचा सगळा भार माकडहाडावर, अशी आमची अवस्था झाली होती. पाठ चोळणारी यंत्रणा मुकाट्याने काम करत होती, पण दुखत होते ते तिच्या हद्दीबाहेर. मी कुरकुर केली तेव्हा भाचा आरशातून पाहत म्हणाला, "मावशी, खाली बॅटरी आहे ना. त्याला इलाज नाही." तो इंजिनिअर आहे, आणि इंजिनिअर लोक 'इलाज नाही' हे शब्द ज्या शांतपणे उच्चारतात, त्याची मला फार चीड येते. उरलेला सगळा प्रवास माझ्यापुरता या दोन शब्दांभोवतीच फिरत राहिला.

अडचण काय आहे, हे त्याने नीट समजावून सांगितले, एवढे श्रेय त्याला द्यायला हवे. पेट्रोलच्या गाडीचा तळ म्हणजे मुळात पत्रा, आणि पाय ठेवायच्या जागी तो खोलगट करता येतो. इलेक्ट्रिक गाडीत पुढच्या आणि मागच्या चाकांमधली जवळजवळ सगळी जागा बॅटरी व्यापते. सेल, त्यांना थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या नळ्या, बाजूने धडक बसली तर ती झेलणारी चौकट आणि रस्त्यावरच्या दगडांपासून वाचवणारे खालचे कवच, असे सगळे मिळून या पेटीची जाडी सहज अकरा ते पंधरा सेंटिमीटरपर्यंत जाते. पेटी रस्त्याच्या फार जवळ नेता येत नाही, म्हणून प्रवाशाचे पाय उचलले जातात. पाय वर गेले की सीट तेवढीच वर न्यायला हवी, सीट वर गेली की डोके वर जाते, डोक्यासाठी छप्पर उचलावे लागते, आणि छप्पर उचलायला ना गाडीचे रूप ठरवणारा तयार असतो, ना तिचा पल्ला ठरवणारा.

पल्ल्याचा मुद्दा मला त्या महामार्गावरच पटला. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. म्हणजे गाडी ताशी १०० किलोमीटरवरून १३० वर नेली की हवा बाजूला सारायला लागणारी शक्ती दुपटीहून अधिक होते. जर्मनीच्या महामार्गांवर जिथे वेगमर्यादेची पाटी नसते, तिथे १३० हा केवळ शिफारस केलेला वेग असतो. भाच्याने ती शिफारस मनावर घेतली नाही, आणि पडद्यावरचा उरलेल्या किलोमीटरचा आकडा प्रत्यक्ष रस्त्यापेक्षा कितीतरी झपाट्याने उतरू लागला. पेट्रोलच्या गाडीतही हवा तितकीच विरोध करते, पण तिथे इंजिन मुळातच एवढी ऊर्जा उष्णतेत घालवत असते की हवेचा वाटा डोळ्यांत भरत नाही. इलेक्ट्रिक मोटर काटकसरी असल्यामुळे हवेची उधळपट्टी लगेच उघडी पडते. म्हणून या गाड्यांचे रेखाटन करणारे लोक हवेच्या विरोधाच्या गुणांकातल्या शेवटच्या शतांशासाठी झगडतात. मर्सिडीज-बेंझने ईक्यूएस या इलेक्ट्रिक गाडीसाठी हा गुणांक ०.२० पर्यंत खाली आणला. पोर्शेच्या टायकन टर्बो या इलेक्ट्रिक गाडीचा तो ०.२२ आहे. पण या गुणांकाला गाडीच्या समोरच्या क्षेत्रफळाने गुणावे लागते, आणि उंच गाडी तिथे मार खाते. त्यामुळे छप्पर कमानीसारखे मागे उतरत जाते, त्याच्याखाली डोके मावावे म्हणून मागची सीट खाली दाबली जाते, आणि या सगळ्या व्यवहाराची वसुली गुडघ्यांकडून होते.

वाटेत चार्जिंगसाठी थांबलो, आणि स्पष्ट सांगायचे तर त्या दिवसातला सर्वांत सुखाचा काळ तोच होता, कारण तेव्हा उभे राहता आले. पाऊस भुरभुरत होता. परत आलो तेव्हा दाराच्या पत्र्यात लपलेली मूठ बाहेर यायला तिचा वेळ घेत होती आणि आम्ही दोघी भिजत तिच्याकडे पाहत होतो. हवेसाठी केलेली ही आणखी एक तडजोड, आणि माझ्या मते सर्वांत अनाठायी. तिने वाचणारी वीज आणि ती भर पावसात करत असलेला अपमान यांचे प्रमाण जमत नाही.

चार्जिंगबद्दल मात्र माझी तक्रार नाही. पोर्शेने २०१९ मध्ये टायकन आणली, तेव्हा बहुतेक इलेक्ट्रिक गाड्या सुमारे ४०० व्होल्टवर चालत होत्या. हिने ८०० व्होल्ट निवडले. तेवढीच शक्ती दुप्पट व्होल्टने पाठवली तर विद्युतप्रवाह निम्मा लागतो, आणि तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे त्याच तारेत ती चौथ्या हिश्शावर येते. ती गाडी सुरुवातीपासून २७० किलोवॅटपर्यंत वीज घेऊ शकत होती. ४०० व्होल्टवर त्यासाठी पावणेसातशे अँपिअर लागले असते, आणि तेवढा प्रवाह पेलणारी केबल ताईच्या हातून उचलली गेली नसती. योग्य परिस्थितीत बॅटरी पाच टक्क्यांपासून ऐंशी टक्क्यांपर्यंत भरायला साडेबावीस मिनिटे लागतात, असे कंपनी तेव्हा सांगत होती. ऐंशीनंतर वेग मुद्दाम मंदावतो, कारण भरत आलेल्या सेलमध्ये घाईने वीज कोंबली तर त्याचे आयुष्य कमी होते.

सरोवर सुंदर होते. बोटीतून फिरलो, जेवलो, आणि संध्याकाळी त्याच गाडीतून परतलो.

परतीच्या वाटेवर अंधार पडल्यावर शांततेचा अनुभव आला, आणि तोही वाटतो तितका सरळ नाही. इंजिनाचा आवाज गेला की त्याच्याआड दडलेले सगळे आवाज पुढे येतात: टायरची घरघर, आरशापाशी कापली जाणारी हवा, कुठल्यातरी प्लॅस्टिकची बारीक किरकिर. म्हणून या गाड्यांच्या खिडक्यांना दुपदरी काच लावतात आणि टायरच्या आतून फोमचा थर चिकटवतात. इतकी मेहनत करून मिळवलेल्या शांततेत मग स्पीकरमधून अंतराळयानासारखा कृत्रिम गुणगुणाट सोडायचा, ही हौस मला कळत नाही. ताईने तो बंद करायला सांगितला. तीन पडदे धुंडाळल्यावर तो बंद झाला.

दुसऱ्या दिवशी मी हट्टाने लोकल रेल्वेने पोर्शे संग्रहालयात गेले, आणि मागोमाग दोघेही आले. नॉयविर्ट्सहाउस या स्थानकावर उतरले की समोरच ती तीन खांबांवर अधांतरी तोललेली पांढरी इमारत दिसते. २००९ साली उघडलेली ही इमारत व्हिएन्नाच्या डेलुगान माइसल या वास्तुकारांची आहे. आतल्या लाल-पिवळ्या शर्यतीच्या गाड्यांपाशी भाचा हरवला. मी ज्या गाडीपाशी थांबले ती लाकडी घोडागाडीसारखी दिसते: १८९८ सालची एगर-लोनर, जिच्या भागांवर 'पी १' असे कोरलेले आहे. बावीस वर्षांच्या फर्डिनांड पोर्शे यांचे हे पहिले वाहन असे संग्रहालय मानते, आणि ते विजेवर चालणारे आहे. १९०२ पासून एका गोदामात पडून राहिलेली ही गाडी २०१४ मध्ये लोकांसमोर आली. एकूण वजन १३५० किलो, त्यांपैकी ५०० किलो नुसती बॅटरी. पल्ला सुमारे ८० किलोमीटर. टायकनच्या मोठ्या बॅटरीचे वजन सुमारे ६३० किलो आणि गाडीचे सुमारे २३०० किलो. म्हणजे एकशेवीस वर्षांत बॅटरीचा वाटा सदतीस टक्क्यांवरून सत्तावीस टक्क्यांवर आला, आणि पल्ला कैक पटींनी वाढला. मूळची बैठक उरलेली नाही. तिच्या जागी निळसर पारदर्शक आकार बसवला आहे. तो मी बराच वेळ पाहिला. बसणारा उंचावर आणि पाय खाली मोकळे. त्या काळच्या गाडीवानाला वारा, धूळ, पाऊस सगळे सोसावे लागत असेल, पण मांड्या अधांतरी ठेवून तो बसला नसावा.

संग्रहालयाच्या चौकातच पोर्शेचे विक्री दालन आहे. तिथे मी टायकनच्या मागच्या सीटवर बसायची परवानगी मागितली. चालकाची सीट कोणालाही दाखवतात. मागची सीट मागणारी बाई त्यांना नवीन असावी, पण त्यांनी हसून दार उघडले. मी आत वाकले, बसले, पाय पुढे टाकले, आणि पाय खाली गेले. तळात चक्क खड्डा होता.

भाच्याला हाक मारून बोलावले. तोही वाकून पाहू लागला, आणि मग त्याला आठवले की याविषयी त्याने वाचले होते. पोर्शेच्या इंजिनिअरांनी मागच्या प्रवाशांच्या पायांच्या जागी बॅटरीचे सेल घातलेलेच नाहीत. तेवढी जागा मोकळी सोडली आहे, आणि तिला ते 'पायांचे गॅरेज' म्हणतात. ही गाडी फक्त १.३८ मीटर उंच आहे. एवढ्या ठेंगण्या गाडीत माणूस बसवायचा तर तो खालीच बसवावा लागतो, आणि त्याचे गुडघे हनुवटीला लागू नयेत म्हणून बॅटरीनेच अंग चोरायचे, असे तिथे कोणीतरी ठरवले. मला त्या क्षणी खरोखर भरून आले. २०१९ च्या टायकनची ९३.४ किलोवॅट-तासांची बॅटरी, ३३ मॉड्यूल, ३९६ सेल, मागच्या ॲक्सलवर दोन वेगांचा गिअरबॉक्स, ब्रेक दाबताना २६५ किलोवॅटपर्यंत वीज परत मिळवणारी मोटर. आणि या सगळ्या आकड्यांच्या शर्यतीत कोणीतरी बैठकीत उठून, इथे सेल नकोत, इथे माणसाचे पाय येतील, असे म्हटले असणार. प्रत्येक वगळलेला सेल म्हणजे जाहिरातीतले काही किलोमीटर कमी. तरीही त्याचे ऐकले गेले.

ताईला मात्र एवढे भरून आले नाही. तिचे केस छताला लागत होते, आणि बाहेर पडताना तिला आम्हा दोघांचा हात लागला. "मांड्या टेकल्या, हे खरं," ती म्हणाली, "पण विहिरीतून वर काढल्यासारखं झालं." दार अरुंद, छप्पर उतरते, ही मुळात चालवणाऱ्याची गाडी आहे, बसवून नेण्याची नाही, हे मान्य करावे लागेल.

बसवून नेण्याच्या गाड्यांनी दुसरे मार्ग काढले आहेत, असे भाच्याने कॉफी पिताना सांगितले. आता त्याचा 'इलाज नाही' बराच मवाळ झाला होता. बीएमडब्ल्यूच्या आय७ मध्ये १०१.७ किलोवॅट-तासांची बॅटरी फक्त अकरा सेंटिमीटर उंचीत बसवली आहे, आणि गाडीच सरळ उंच, दीड मीटरहून अधिक केली आहे. तिचे थोराड नाक अनेकांना आवडत नाही, मलाही आवडत नाही; पण मागे बसणाऱ्या माणसाच्या बाजूने विचार केला तर ते नाक क्षम्य आहे. रोल्स-रॉइसने स्पेक्टरमध्ये तारा आणि वातानुकूलनाच्या नळ्या बॅटरी आणि तळ यांच्या मधून नेल्या, आणि सुमारे ७०० किलोच्या बॅटरीचाच रस्त्याचा आवाज शोषण्यासाठी उपयोग करून घेतला. ज्या जडपणाला आम्ही दोष देत होतो, त्यालाच तिथे कामाला लावले आहे.

निघताना मी दिसतील तेवढ्या माहितीपुस्तिका गोळा केल्या आणि विमानात वाचून काढल्या. शून्यापासून शंभरापर्यंतचे सेकंद त्यांत दशांशासह आहेत. पडद्याची लांबी आहे, सामानाची जागा लिटरमध्ये आहे, स्पीकर किती आणि दिव्यांचे रंग किती हेही आहे. मागच्या तळापासून सीटच्या कडेपर्यंतची उंची एकाही पुस्तिकेत नव्हती. माझ्या वयाच्या माणसाला ही गाडी सोसेल की नाही, हे ज्यावरून ठरते तो हा एकच आकडा, आणि तो छापायला अर्धी ओळसुद्धा लागणार नाही.