दसरा, ट्वेंटी गेज आणि नवरा

नवऱ्याने गाडीचं दार धाडकन लावलं आणि समोरच्या पाणकणसातून एकापाठोपाठ एक पाच फेझंट उठले. कोंबड्याएवढे, लांब शेपटीचे रानपक्षी. घड्याळात आठ बावन्न झाले होते. मिनेसोटात फेझंटवर बार काढायला सकाळी नऊनंतरच परवानगी, त्यामुळे आम्ही तिघं आणि कुत्री नुसतेच बघत उभे राहिलो. पाचातले तीन नर होते. लांब शेपट्या हलवत ते रस्त्यापलीकडच्या खाजगी मक्यात उतरले.

"काय झालं?" नवरा म्हणाला.

आमच्या पहिल्या सेकंडहँड मारुतीचं दार आपटल्याशिवाय लागायचं नाही. ती सवय त्याने पुण्याहून मिनियापोलिसला आणली, आणि आज तिथून पुढे पाइपस्टोनच्या माळावर.

हा शनिवार १२ ऑक्टोबर २०२४ चा. फेझंटचा हंगाम उघडण्याचा दिवस आणि आपला दसरा त्या वर्षी एकाच तारखेला आले. गेली तीन वर्षं मी ऑफिसातल्या एका सहकारी बाईंबरोबर शिकारीला जाते. बाई साठीच्या, मूळच्या इकडच्याच शेतकऱ्याच्या घरातल्या. खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्या बंदूक उचलत नाहीत, फक्त कुत्री चालवतात. नवरा दरवर्षी डबा भरून द्यायचा आणि मी रिकाम्या हाताने आले की समाधानाने "बरं झालं" म्हणायचा. सदाशिव पेठेत वाढलेला माणूस. लग्नानंतर कोंबडी खायला लागला, पण ती कोंबडी थर्माकोलच्या ट्रेमध्ये जन्माला येते यावर त्याची श्रद्धा. उन्हाळ्यात एकदा तो आपणहून म्हणाला, "खातो तर एकदा बघायला पाहिजे." मी लगेच त्याला मातीच्या तबकड्या फोडायच्या रेंजवर नेलं. मन बदलायच्या आत.

इथे ३१ डिसेंबर १९७९ नंतर जन्मलेल्याला शिकारीचा परवाना काढायचा तर आधी बंदूक-सुरक्षेचा कोर्स करावा लागतो. मी तो रीतसर केला होता. नवऱ्याला वेळ नव्हता, म्हणून त्याच्या परवान्यावर 'अप्रेंटिस हंटर'चा शिक्का घेतला. म्हणजे कोर्स न करता जाता येतं, पण परवानाधारक मोठं माणूस सोबत हवं. त्याच्या बाबतीत ते मोठं माणूस मी, ही गोष्ट त्याने प्रवासात पेट्रोल पंपावरच्या दोन अनोळखी लोकांनाही सांगितली. (दरवेळी कुणीतरी विचारतंच म्हणून: आमचं ग्रीन कार्ड आहे. एच-वनसारख्या व्हिसावर बंदूक बाळगायला केंद्राचा कायदा मनाई करतो. शिकारीचा वैध परवाना हा त्यातला एक अपवाद आहे. तरी माझ्या ब्लॉगच्या भरवशावर बंदूक हातात घेऊ नका, वकिलाला विचारा.)

शुक्रवारी दुपारी निघालो. २१२ नंबरच्या रस्त्याने ग्रॅनाइट फॉल्स, तिथून २३ ने मार्शल आणि पुढे पाइपस्टोन. सोयाबीन निघालेलं, मका निम्माशिम्मा उभा, आणि बफेलो रिजवर पवनचक्क्यांची रांग. "हे तर चाळकेवाडीचं पठार," नवरा म्हणाला. मी माण तालुक्यातली. मला हा मुलूख दरवेळी आमच्या माळासारखाच दिसतो, आणि त्याची गतही तीच झाली आहे. गवताच्या जमिनीला आपल्याकडे सरकारी कागदावर पडीक म्हणतात. इकडच्यांनी तिला नांगर लावला. मिनेसोटातल्या मूळ प्रेअरीपैकी, म्हणजे या गवताळ माळापैकी, दोन टक्क्यांहूनही कमी उरली आहे. आम्ही ज्या तुकड्यावर चाललो तो 'वॉटरफाउल प्रॉडक्शन एरिया', म्हणजे पाणपक्ष्यांसाठी राखलेली सरकारी जागा, दारावर उडत्या हंसाची पाटी. १९३४ पासून बदकांच्या शिकाऱ्यांना दरवर्षी 'डक स्टॅम्प' नावाचं एक तिकीट विकत घ्यावं लागतं, त्या पैशातून अशा पाणथळ आणि गवताळ जागा घेतल्या जातात. आत जायला कुणाची ओळख लागत नाही, फी लागत नाही. फक्त शिशाचे छर्रे चालत नाहीत, कारण बदकं ते टिपून मरतात. स्टीलचे लागतात.

सकाळी मोटेलच्या खोलीत मी दुनळीला हळदकुंकू लावलं. खंडेनवमीला आजोबा कुऱ्हाड, विळे, कोयता पाटावर मांडायचे. माझ्याकडे ही ट्वेंटी गेज आणि एक चाकू. झेंडू सुपरमार्केटमधला. बाईंनी दारातून बघितलं आणि कुत्रीच्या कपाळालाही बोट लावायला सांगितलं. नवऱ्याने पार्किंगमधल्या कॉटनवुडचं पिवळंजर्द पान उचलून माझ्या हातात दिलं. "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा." मग नारिंगी जाकीट चढवलं. कमरेच्या वर निदान एक कपडा तरी झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी असावाच लागतो. त्यात तो थेट विसर्जन मिरवणुकीतला कार्यकर्ता दिसत होता.

बाईंनी मला आदल्या रात्री एकच गोष्ट सांगितली होती. पहिल्या दिवशी तुझी बंदूक गाडीत ठेव. त्याच्याशेजारी मोकळ्या हातांनी चाल. मी हो म्हटलं. पण सकाळी ते पाच पक्षी मक्यात जाताना बघितले आणि हंगामाचा पहिला दिवस वाया जातोय असं वाटायला लागलं. दोन काडतुसं खिशात टाकलीच.

फेझंटची शिकार म्हणजे मुख्यतः चालणं. वाऱ्याकडे तोंड करून गवतात शिरायचं, म्हणजे कुत्रीला वास मिळतो. पक्षी उडत नाही, पळतो. गवताच्या बुडातून, कुत्रीच्या पुढे, शंभर-दोनशे पावलं. पट्टी संपली, पुढे उघडं शेत आलं, की मग नाइलाजाने उठतो. मारायचा फक्त नर. मादीला हात लावायचा नाही. म्हणून पक्षी उठला की ज्याला दिसेल त्याने ओरडायचं, 'रूस्टर' किंवा 'हेन'. पक्ष्याच्या खाली आकाश दिसत नसेल तर बार नाही, कारण खाली कुत्री असते. डावीकडच्याने डावीकडचं बघायचं, उजवीकडच्याने उजवीकडचं. हे सगळं मी नवऱ्याकडून प्रेअरीच्या कडेला पाठ म्हणून घेतलं होतं.

पाऊण तासाने कुत्री थांबली. आमची ही जर्मन शॉर्टहेअर. पळताना नुसती सैरभैर, पण वास लागला की एक पाय उचलून दगड होते. बाईंनी नवऱ्याला हाताने पुढे बोलावलं. तो गेला. मी उजवीकडे दहा पावलांवर. पायाखालून गवत फुटावं तसा नर उठला, तांब्याच्या रंगाचा, गळ्याभोवती पांढरी कडी, आणि त्याचं ते कर्कश कॉक-कॉक. नवरा ओरडला, "कोंबडा! कोंबडा!" मराठीत. बंदूक खांद्याला लावायची राहून गेली. पक्षी त्याच्या बाजूने वळला, सरळ त्याच्यासमोर, त्याच्या आकाशात.

मी पाडला.

कुत्रीने पक्षी आणून बाईंच्या हातात दिला. बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी तो पक्षी माझ्या जाकिटाच्या मागच्या खिशात ठेवला आणि खिशावर दोनदा थोपटलं. ते थोपटणं अजून पाठीवर आहे. नवरा म्हणाला, "छान!" आणि त्यानंतर दीड तास शहाण्या मुलासारखा चालला. काही विचारलं नाही, काही विनोद केला नाही. सतरा वर्षांच्या संसारात मला हे शांत बसणं ओळखू येतं. जेवताना गाडीच्या मागच्या फळीवर धपाटे उलगडताना तो एवढंच म्हणाला, "मला वाटलं ते माझं होतं."

"होतं," मी म्हटलं. "चुकलं माझं."

आणि दुनळी रिकामी करून, केसमध्ये घालून गाडीत ठेवली.

दुपार सगळी नुसती वणवण. ऊन चढलं, पाणथळाचा तळ वाळून भेगाळलेला, नवऱ्याच्या नव्या बुटांनी टाचेला फोड आणला. पण हात मोकळे असल्यावर मला वेगळंच दिसायला लागलं. सकाळी मी गवतातून पक्षी शोधत होते, आता शेजारचा माणूस बघत होते. कुंपण ओलांडताना तो दरवेळी बंदूक उघडून काडतुसं खिशात टाकत होता, कुणी न सांगता. बिग ब्लूस्टेम गवताचे तुरे त्याच्या कानांपर्यंत पोचत होते आणि तो त्यातून वाट काढताना "सॉरी" पुटपुटत होता. गवताला. एकदा पक्षी उठला तो थेट सूर्यात. नुसती काळी आकृती. त्याने बंदूक उचलली, क्षणभर धरली आणि खाली घेतली. "कोंबडा की कोंबडी, कळलं नाही." पक्षी वळला तेव्हा दिसली ती मादी. बाईंनी मागून मोठ्याने "गुड!" म्हटलं. सकाळच्या माझ्या पक्ष्याला त्यांनी असं काही म्हटलं नव्हतं.

फेझंट दुपारी मक्यात चरतात आणि सूर्य कलला की झोपायला गवतात परततात. शेवटचा तास म्हणून सोन्याचा. साडेपाचच्या सुमारास मक्याला लागून असलेल्या अरुंद पट्टीत शिरलो. बाई पलीकडच्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या, म्हणजे पळणारा पक्षी तिथे अडतो. कुत्री थांबली, सरकली, पुन्हा थांबली. मी नवऱ्याच्या खांद्यामागे. त्याचा श्वास ऐकू येत होता. पट्टीच्या टोकाला नर उठला, डावीकडे. "कोंबडा," तो म्हणाला, या वेळी हळू, स्वतःलाच सांगितल्यासारखं. पहिला बार मागे गेला. दुसऱ्याला पक्षी मिटला आणि पडला.

मी नाचायच्या बेतात होते. तो गवतात खाली बसला. कुत्रीने आणलेला पक्षी त्याने दोन्ही हातांत घेतला, मांजराचं पिल्लू घ्यावं तसा. "गरम आहे," म्हणाला. बराच वेळ मानेवरची हिरवी-जांभळी चमक फिरवून फिरवून बघत होता. मोराच्याच कुळातला पक्षी, ते तेव्हा दिसतं. मी गप्प राहिले. हे मला सकाळी जमायला हवं होतं.

साफ करताना त्याने गळ्याखालची पिशवी स्वतः उघडली. मक्याचे दाणे, बरेचसे अख्खे, थोडं सोयाबीन आणि दोन नाकतोडे. "म्हणजे याचं जेवण झालं होतं," तो म्हणाला. चुकीचा प्रश्न नव्हता, प्रश्नच नव्हता, म्हणून मी उत्तर दिलं नाही. दोन्ही पक्ष्यांचा एकेक पाय मात्र ठेवला. वाटेत वॉर्डनने, म्हणजे शिकारीवर नजर ठेवणाऱ्या अधिकाऱ्याने, अडवलं तर नर होता हे दाखवावं लागतं, आणि पायामागचा काटा नराचाच.

रात्री सासूबाईंचा फोन. दसऱ्याला काय केलंत? नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. "सीमोल्लंघन केलं, आई. लांब गेलो होतो." पुढचं सांगितलं नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्याच्या १९९१ च्या दुरुस्तीने हे सगळं बंद आहे आणि बंदच बरं. आमच्या बाजारात फासेपारधी तितर-लावे विकायला आणायचे, ते मी आजोबांच्या तोंडून फक्त ऐकलंय. इथे ऑक्टोबरात दिवसाला माणशी दोन नर, मोजून, आणि मिनेसोटाला ते परवडतं. तरी हे सासूबाईंना फोनवर समजावायला मला दसऱ्याच्या रात्री अंगात बळ नव्हतं.

रविवारी पाइपस्टोनची ती लाल दगडाची खाण बघितली, जिथे आजही फक्त मूळनिवासी जमातींचे लोक हाताने दगड काढतात. नवऱ्याचा फोड फुटला होता, त्यामुळे धबधब्यापर्यंत जाऊन परत फिरलो.

पुढच्या शनिवारी रस्सा केला. फेझंटला फारशी चरबी नसते, कोंबडीसारखा शिजवला तर चामडं होतं. कांदा-खोबऱ्याचं वाटण, आमच्याकडचा काळा मसाला, मंद आचेवर दोन तास. तंगडीतल्या शिरा तारेसारख्या असतात, त्या जेवताना ओढून काढायच्या. ताटाजवळ एक रिकामी वाटी ठेवली, छर्रे टाकायला. जेवण होईपर्यंत वाटीत चार छर्रे जमले. दोन्ही पक्षी एकाच पातेल्यात शिजलेले, कुठला तुकडा कुणाचा कोण सांगणार? पण चारही छर्रे माझ्याच पक्ष्यातले, असं नवरा अजून शपथेवर सांगतो. त्याचा म्हणे सरळ डोक्यात बसला होता.