माझ्या खाटेवर झोपलेला मुलगा

यंदाच्या मार्चमध्ये आमच्या बॅचला लातूर जिल्ह्यातल्या नवोदय या निवासी विद्यालयातून बाहेर पडून २५ वर्षं झाली. १९९४ च्या जुलैत सहावीला आलो, २००१ मध्ये सीबीएसईचा बारावीचा शेवटचा पेपर दिला आणि नाव रंगवलेल्या पत्र्याच्या पेट्या एसटीच्या टपावर चढवून गावोगाव पांगलो. विद्यालयाच्या महोत्सवाला जोडूनच डिसेंबरात आमचाही मेळावा घ्यायचं ठरलं आणि सगळ्यांना शोधून यादी करायचं काम माझ्याकडे आलं.

यादी सोपी वाटली होती. दोन तुकड्या, ४० आणि ४०. नीलगिरी हाऊसच्या व्हरांड्यात रोज रात्री रोल कॉल ऐकलेला, त्यामुळे नावं अजूनही त्याच क्रमानं तोंडात येतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर ५१ जण होतेच. राहिले २९, आणि त्यांतल्या १८ मुली. लग्नानंतर आडनाव बदललेलं, काहींचं तर नावसुद्धा. फेसबुकवर काही हाती लागेना. शेवटी उदयगिरी हाऊसच्या आमच्या कॅप्टननं वेगळी वाट धरली. तिला प्रत्येकीचं माहेरचं गाव पाठ होतं. पालकभेटीच्या रविवारी कुणाचे वडील कुठल्या एसटीनं येतात यावर साऱ्या मुलींचं लक्ष असायचं ना! तिनं त्या गावांतल्या किराणा दुकानांत, ग्रामपंचायतीत फोन लावले, भाऊ शोधले, भावांकडून बहिणी. एकीचा भाऊ म्हणाला, “ताई रानात गेलीय, सांजच्याला करा.” संध्याकाळी ताईनं फोन घेतला, कॅप्टनचं नाव ऐकलं आणि एवढंच म्हणाली, “प्रेझेंट.” पुढे बराच वेळ दोघींनाही बोलता येईना.

दहावीनंतर सोडून गेलेलेही होते. कुणी आयटीआयला, कुणी पॉलिटेक्निकला गेला, कुणाच्या घरी शेताला माणूस नव्हतं. त्यांतला एक मला म्हणाला, “मी बारावीला तुमच्यात नव्हतो, मला कशाला बोलावता?” हे ऐकून मला वाईट वाटलं. पाच वर्षं एकाच मेसच्या रांगेत ताट घेऊन उभे राहिलो, महिन्याचा साबण-तेल-टूथपेस्ट एकाच खिडकीवर घेतलं, आणि त्याला आपण बॅचमधले नाही असं वाटावं? त्या रात्री यादी पुन्हा उघडली, तेव्हा लक्षात आलं की आणखी एक मोठी चूक माझ्या हातून होत होती. मायग्रेशनला आलेल्यांचं एकही नाव मी लिहिलं नव्हतं.

मायग्रेशन म्हणजे काय, ते नव्या पालकांसाठी सांगतो. देशाच्या एका भागातल्या मुलांनी दुसऱ्या भागात राहून तिथली भाषा, तिथली माणसं ओळखावीत, या हेतूनं नवोदयमध्ये नववीला वर्गातली ३० टक्के मुलं दुसऱ्या भाषेच्या प्रदेशात पाठवतात. ८० तली २४. आमच्यातली २४ गेली आणि उत्तर प्रदेशातून २४ आली. १९९७ च्या त्या यादीत माझं नाव होतं. बुंदेलखंडातलं विद्यालय. परभणीहून रात्रीच्या गाडीनं मनमाड, तिथून झाशीच्या बाजूला जाणारी गाडी, सोबत दोन सर आणि एक मॅडम. निघण्याच्या आदल्या दिवशी खाटेजवळच्या खिडकीच्या लाकडी चौकटीवर मी कर्कटकानं माझं नाव कोरलं. माझी खाट कुणाला मिळणार हे माहीत नव्हतं, पण ती माझी होती हे त्याला कळावं असं वाटत होतं.

तिकडे मला मिळालेली खाट आमच्याकडे गेलेल्या एका मुलाची होती. पहिले दोन महिने फार जड गेले. सामाजिक शास्त्रं हिंदीतून शिकायची सवय होती, पण मुलं आपसात बोलत ती बुंदेली, ती कळत नसे. मग एका रविवारी एक बाई आल्या. डोक्यावर पदर, हातात कापडात बांधलेला डबा. त्यांचा मुलगा तर महाराष्ट्रात होता. तरी त्या १२ किलोमीटर बैलगाडीनं आणि पुढे बसनं आल्या होत्या, त्याच्या खाटेवर कोण झोपतं ते बघायला. माझ्यासमोर डबा उघडून म्हणाल्या, “काए लला, रोटी खा लई?” ते पहिलं ‘काए’ मला आपल्या ‘काय’सारखंच ऐकू आलं आणि मला रडू फुटलं. डब्यात गुळाचे लाडू होते.

मी हे सगळं अंतर्देशीय पत्रात आईला लिहिलं. तिनं ते पत्र शेजारच्या मास्तरांकडून दोनदा वाचून घेतलं म्हणे. पुढच्या पालकभेटीला ती धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन विद्यालयात गेली, मी तिथं नसताना. नीलगिरी हाऊसमध्ये माझी खाट कुठली ते विचारलं आणि त्यावर बसलेल्या मुलाला जवळ बसवून खाऊ घातलं. तो त्या बाईंचाच मुलगा निघाला. दोन घरच्या आया एकमेकींना कधीच भेटल्या नाहीत, पण तिथून पुढे वर्षाअखेरपर्यंत दोघींनी एकही पालकभेट चुकवली नाही.

माझ्या शेजारच्या खाटेवर किल्लारीजवळच्या गावचा मित्र झोपायचा. आम्ही सहावीत आलो तेव्हा भूकंपाला १० महिनेही झाले नव्हते आणि त्याचं घर अजून पत्र्याच्या शेडमध्ये होतं. दाराजवळची खाट त्यानं मागून घेतलेली. झोपताना चपला दाराकडे तोंड करून उशाशी ठेवायचा, म्हणजे उठल्या उठल्या पायात घालून पळता यावं. आम्हा सगळ्यांना याची इतकी सवय झाली होती की कुणी कधी विचारलं नाही. बुंदेलखंडातून आलेल्या त्या मुलानं मात्र पहिल्याच रात्री विचारलं. मित्रानं मोडक्या हिंदीत ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट सांगितली, गणपती बुडवून सगळे दमून झोपले होते ते. दुसऱ्या रात्रीपासून त्या मुलानंही आपल्या चपला दाराकडे तोंड करून उशाशी ठेवायला सुरुवात केली. मी परत आल्यावर मित्रानं मला हे सांगितलं तेव्हा तो खिडकीबाहेर बघत होता. तीन वर्षं त्याच्या शेजारी झोपून मला जे सुचलं नव्हतं, ते त्या मुलाला एका रात्रीत सुचलं होतं.

या मित्रामुळेच तो सापडला. दोघांचा पोस्टकार्डांचा व्यवहार बारावीपर्यंत चालला होता आणि मित्रानं ती सगळी कार्डं वहीच्या पुठ्ठ्यात जपून ठेवली होती. मित्र आता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. त्यानं जुन्या पत्त्यावर हिंदीतून एक पत्र लिहिलं, खाली माझा मोबाइल नंबर दिला आणि स्पीड पोस्टानं पाठवलं. २५ वर्षांपूर्वीचा पत्ता, आमची फारशी आशा नव्हती.

तीन आठवड्यांनी एका अनोळखी नंबरवरून फोन आला आणि पलीकडून आवाज आला, “काय करलालास?” पुस्तकी मराठी नाही, आपली लातूरची! मी खुर्चीवरून उठूनच उभा राहिलो.

तासभर बोललो. तो तालुक्याच्या गावी खत-बियाण्याचं दुकान चालवतो, घरची शेती बघतो. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी नेल्याची बातमी त्यानं टीव्हीवर बघितली. अर्ध्या बादलीत आंघोळ करायला आपल्या हाऊसच्या मुलांना त्यानंच शिकवलं होतं, बुंदेलखंडातलं पाणीही तसंच तोकडं. त्या बातमीनंतर त्याला विद्यालयाच्या टाकीजवळची रांग आठवत राहिली. आमच्यापैकी कुणाला तरी फोन करावा असं वाटलं, पण एकाचाही नंबर नव्हता. मग त्यानं विचारलं, “आई कैसी हैं?” आई ७४ वर्षांची आहे, आता डोळ्यांना कमी दिसतं. तो येणार हे कळल्यापासून धपाट्याला ज्वारी कुठली आणायची याची चर्चा घरात चालू आहे. त्याची आई मात्र राहिली नाही. मी एवढंच म्हणालो की ते लाडू मला अजून आठवतात. त्यावर तो थोडा वेळ गप्प राहिला.

महोत्सवाच्या स्मरणिकेच्या शेवटी बॅचवार याद्या छापल्या जाणार आहेत. आमच्या १९९४ च्या बॅचखाली १०४ नावं आहेत, ८० नाहीत. दहावीनंतर गेलेले त्यांत आहेत, बुंदेलखंडातून आलेले २४ ही आहेत. त्यांतले ११ सापडलेत. इतर बॅचच्या मित्रमैत्रिणींनीही आपापल्या मायग्रेशनच्या मुलांना शोधावं, जुनी पोस्टकार्डं, डायऱ्या, ग्रुप फोटोंच्या मागची नावं बघावीत, ही माझी कळकळीची विनंती आहे.

जूनमध्ये मेळाव्याच्या परवानगीसाठी विद्यालयात गेलो होतो. प्रिन्सिपॉल मॅडमनी नीलगिरी हाऊस उघडून दाखवलं. खाटा आता नव्या आहेत. खिडकी तीच, पण चौकटीवर एवढ्या वर्षांत कितीतरी वेळा ऑइलपेंट चढला आहे. डोळ्यांना काहीच दिसलं नाही. बोट फिरवलं तेव्हा रंगाखाली माझं नाव लागलं आणि त्याच्या खाली आणखी एक नाव. फोटो काढून त्याला पाठवला. फोटोत नुसता हिरवा रंग. त्याचं उत्तर आलं, “डिसेंबरात येताना कागद आणि शिसपेन्सिल आणतो. वरून घासलं की उमटेल.”