आमची वाटचाल : हाताने गुंडाळलेल्या पिकअपचा बास

बास गिटारच्या पिकअपला, म्हणजे तारांची थरथर पकडून तिची वीज करणाऱ्या चुंबक आणि वायरच्या वेटोळ्याला (कॉइलला), ४२ नंबरची वायर लागते, असे जिथे-तिथे वाचायला मिळते. ते खरे आहे. पण तो नंबर अमेरिकन मापाचा, म्हणजे एडब्ल्यूजी. आपल्याकडे मोटार रिवाइंडिंगचे सामान विकणारा दुकानदार वायर देतो ती एसडब्ल्यूजीच्या, म्हणजे ब्रिटिश मापाच्या हिशेबाने. ४२ एसडब्ल्यूजीची जाडी ०.१०२ मिमी, ४२ एडब्ल्यूजीची ०.०६३ मिमी. दुकानात नुसते 'बेचाळीस नंबर द्या' म्हटले की दीडपटीहून जाड वायर हातात येते. आमचे पहिले पिकअप याच वायरचे होते. ९००० वेढे घ्यायचे ठरले होते, बॉबिन (वायर गुंडाळायची चौकट) ३००० वेढ्यांतच भरला. मीटरवर जेमतेम १००० ओहम दिसले आणि आवाज इतका क्षीण की अँपचा व्हॉल्यूम पूर्ण उघडल्यावर बासपेक्षा घरघरच जास्त ऐकू यायची. तेव्हापासून आम्ही ४६ एसडब्ल्यूजी, म्हणजे ०.०६१ मिमीची वायर मागवतो. नंबर सांगत नाही, मिलिमीटर सांगतो, आणि रीळ हातात आले की मायक्रोमीटर लावतो.

वायरवरचा थरही विचारून घ्यावा लागतो. मोटारीच्या वायरचा थर उष्णता सोसण्यासाठी बनवलेला असतो, तो सोल्डरच्या उष्णतेने जळत नाही. पॉलिश पेपरने खरवडायला जावे तर केसापेक्षा बारीक वायर तुटते. अर्धवट खरवडून केलेला टाका आठवडाभर चालतो आणि मग पिकअप मुका होतो. पॉलियुरेथेनचा थर असलेली वायर मागितली की ३९० अंशांच्या आसपास तापलेल्या सोल्डरिंग आयर्नवर थर आपोआप जळून टाका नीट बसतो.

पुण्यातल्या आमच्या कारखान्यात चार तारांचे बास बनतात, तेही ऑर्डरप्रमाणे. सुरुवात तयार पिकअप बसवण्यापासून झाली. लाकूडकाम आमचे, आवाज मात्र दुसऱ्याचा, हे फार दिवस पटण्यासारखे नव्हते. वाजवणारा म्हणायचा, 'खर्ज आहे, पण स्वर उमटत नाही,' आणि त्यावर पिकअप वरखाली करण्यापलीकडे आमच्या हातात काही नसायचे. आता पिकअप, बॉडी, नेक आणि वायरिंग इथेच होते. खुंट्या, ब्रिज (बॉडीवरची घोडी), फ्रेट वायर (नेकवरच्या पडद्यांची) आणि ट्रस रॉड (नेकच्या आतली ताण सोसणारी सळई) विकत घेतो, आणि घेत राहू. त्या कामाला वेगळी यंत्रे लागतात आणि चांगला माल बाजारात मिळतो.

पिकअपचा ढाचा आम्ही आठ खांबांचा, म्हणजे तारांखाली उभ्या राहणाऱ्या चुंबकी सळ्यांचा ठेवला, प्रत्येक तारेला दोन. फेंडर कंपनीच्या १९५१च्या पहिल्या प्रिसिजन बासमध्ये तारेखाली एकेकच खांब होता. १९५७मध्ये त्याच बासचा पिकअप दोन तुकड्यांचा झाला आणि तारेला दोन खांब आले. त्याच कंपनीच्या १९६०च्या जॅझ बासमध्येही दोनच आहेत. बासची तार जाड, बोटाने ओढली की आडवी बरीच झुलते. खांब एकच असेल तर ती त्याच्यावरून सरकून जाते आणि सुरुवातीचा ठोका टोचरा येतो. दोन खांबांच्या मधोमध तार ठेवली की ठोका गोल येतो.

इथे मोजमाप चुकले तर नंतर दुरुस्ती नाही. ब्रिजवर आमच्या बाहेरच्या दोन तारांमधले अंतर ५७ मिमी, नटवर, म्हणजे खुंट्यांकडच्या टोकाच्या पट्टीवर, ३२ मिमी. म्हणजे तारा पंख्यासारख्या पसरतात. मागचा पिकअप ब्रिजपासून ६३ मिमीवर, पुढचा १५५ मिमीवर. हिशेब केला की मागच्या पिकअपवर शेजारच्या तारांमधले अंतर १८.४ मिमी येते, पुढच्यावर १७.५. दोन्ही बॉबिन एकाच मापाचे कापले तर पुढच्या पिकअपवर बाहेरच्या तारा प्रत्येकी सव्वा मिलिमीटरहून जास्त आत सरकतात आणि आतल्या तारांपुढे दबतात. त्यामुळे आमच्याकडे बॉबिनचे दोन वेगळे जिग (कापायचे साचे) आहेत, एकाला लाल रंग आणि एकाला पिवळा.

बॉबिनच्या वरच्या-खालच्या पट्ट्या आम्ही हायलम शीटच्या कापतो, जाडी अडीच मिमी. ट्रान्सफॉर्मरवाले हेच शीट वापरतात. ते गरम मेणात वाकत नाही. अॅक्रिलिक वापरून पाहिले, भोकांपाशी तडे गेले. दोन पट्ट्यांमध्ये वायरसाठी १० मिमी जागा. खांबांना वायर थेट टेकू द्यायची नाही. लोखंडाची बारीकशी कड वायरचा थर खरवडते आणि आतल्या आत शॉर्ट होतो. खांब बसवल्यावर पूर्ण बॉबिन पातळ वार्निशमध्ये बुडवायचा, सुकला की खांबांभोवती पातळ टेपचा एक फेर घालायचा. गुंडाळून झाल्यावर मीटरचे एक टोक खांबाला, दुसरे वायरला लावून तपासायचे. काटा जराही हलला तर कॉइल उलगडून पुन्हा सुरुवात.

अल्निको ५ या चुंबकी मिश्रधातूच्या सळ्या मिळतात तेव्हा त्याच खांब म्हणून वापरतो. नसतील तर ५ मिमीच्या साध्या लोखंडी सळीचे तुकडे आणि खाली फेराइटची चुंबकपट्टी. सळी घेताना चकचकीत स्टेनलेसच्या मोहात पडू नये. ३०४ ग्रेडच्या स्टीलला चुंबक जवळजवळ धरतच नाही. निओडायमियमच्या चकत्या स्वस्त आणि ताकदवान, म्हणून त्यांच्याकडे हात लवकर जातो. आम्ही त्या बंद केल्या. इतके जोरदार चुंबक तारेला खाली ओढत राहते, वरच्या फ्रेटवर जाड तारेतून एकाच वेळी दोन स्वर आल्यासारखे ऐकू येते आणि नाद लवकर मरतो. ट्यूनरचा काटा थरथरत राहतो आणि वाजवणारा बिचारा खुंटी पिळत बसतो.

गुंडाळण्याच्या मशिनला शिलाई मशिनची मोटार आणि तिचेच पायाने दाबायचे पेडल. मोटार थेट जोडली तर वेग अनावर होतो, म्हणून पट्टा आणि मोठी पुली लावून तो मिनिटाला ८०० फेऱ्यांवर आणला आहे. मोजणीसाठी चाकावर छोटे चुंबक, समोर चुंबक जवळ आले की जुळणारा रीड स्विच, आणि त्याच्या दोन वायरी साध्या कॅल्क्युलेटरच्या बरोबरच्या चिन्हाच्या बटणाला. १ + १ दाबून ठेवले की प्रत्येक फेरीला आकडा एकाने वाढतो. काही कॅल्क्युलेटर जलद फेऱ्यांत आकडे गाळतात. म्हणून आधी हळू १०० फेऱ्या, मग पूर्ण वेगात मिनिटभर, आणि दोन्ही वेळा मेळ घालायचा.

वायर उजव्या हाताच्या दोन बोटांत फेल्टच्या तुकड्यातून सुटते. खरे कसब या चिमटीत आहे. घट्ट धरली तर वायर ताणून बारीक होते, ओहम वाढलेले दिसतात, वेढे मात्र तेवढेच. सैल धरली तर बॉबिनच्या टोकांना कॉइल फुगते, पट्ट्यांबाहेर येते, आणि सैल वेढे पुढे थरथरून शिटी मारतात. वायर तुटते ती बहुतेक पट्टीच्या कडेला अडकून. कड ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने गोल केली की हे जवळजवळ थांबते. तुटलीच तर टाका मारून, टेप लावून पुढे जाता येते, पण ग्राहकाच्या बासमध्ये आम्ही सांधलेली कॉइल बसवत नाही. एका पिकअपला साधारण १४०० मीटर वायर जाते, वजनाने ३७ ग्रॅम. अर्धा किलोच्या रिळात हिशेबाने तेरा पिकअप बसतात, प्रत्यक्षात दहा-अकरा धरावेत.

९००० वेढ्यांना आमच्या वायरवर ८.२ किलोओहमच्या आसपास वाचन येते. ग्राहक हा आकडा विचारतात आणि जास्त म्हणजे चांगला असे समजतात. तसे नाही. ओहम वायरच्या जाडीने आणि खोलीच्या तापमानानेही बदलतात. एप्रिलच्या दुपारी मोजलेला पिकअप डिसेंबरच्या सकाळपेक्षा सहा-सात टक्के जास्त दाखवतो. महत्त्वाचे आहे ते इंडक्टन्स, म्हणजे बदलत्या प्रवाहाला कॉइल करते तो विरोध. समजा ते ३.५ हेन्री आहे आणि केबल धरून ६०० पिकोफॅरड लागले, तर पिकअप ३५०० हर्ट्झच्या आसपास सर्वात जास्त उमलतो आणि त्याच्या वरचे स्वर गळत जातात. वेढे वाढवले की आवाज मोठा होतो, पण हे शिखर खाली येते आणि बोटाचा, नखाचा स्पर्श हरवतो. ११,००० वेढ्यांचे पिकअप आम्ही करून पाहिले. एकटे वाजवताना भारदस्त, ढोल-ताशासारख्या दणदणाटाबरोबर वाजवताना गढूळ. ८५०० ते ९००० वर आम्ही स्थिरावलो.

दोन पिकअप एकमेकांची घरघर खाऊन टाकतील अशी जोडी करायची असते. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, आणि बासच्या सर्वांत जाड ई तारेचा स्वर ४१.२ हर्ट्झ, ए तारेचा ५५. घरघर बरोबर खर्जाच्या अंगणातच येऊन बसते. टोन बंद करून ती काढता येत नाही. एका पिकअपची चुंबके उत्तर वर, दुसऱ्याची दक्षिण वर, आणि वेढ्यांची दिशाही उलट. दोन्हींपैकी एकच गोष्ट उलटी झाली तर दोन्ही व्हॉल्यूम उघडल्यावर खर्ज गायब होतो आणि आवाज पत्र्यासारखा येतो. वेढे उलटे घेण्याऐवजी वायरची दोन टोके अदलाबदल केली तरी विजेच्या दृष्टीने तेच घडते. पण बाहेरचे वेढे अर्थला जोडलेले असावेत, ते आतल्यांना आडोसा देतात, म्हणून आम्ही उलटेच गुंडाळतो. तपासायला काट्याचा जुना मल्टीमीटर हवा. मीटर लहानात लहान डीसी रेंजवर ठेवून खांबावर पेचकस टेकवायचा आणि झटकन उचलायचा. दोन्ही पिकअपवर काटा एकाच बाजूला हलला पाहिजे.

मग मेण. चार भाग पॅराफिन, एक भाग मधमाशीचे मेण. पातेले थेट शेगडीवर कधीही नाही. मोठ्या भांड्यात पाणी, त्यात मेणाचे भांडे, तापमान ६० ते ६५ अंश. पिकअप बुडवला की बुडबुडे येऊ लागतात. ते थांबेपर्यंत वीस मिनिटे लागतात. पाच मिनिटांत काढलेला पिकअप बाहेरून चांगला दिसतो, आतून कोरडा असतो, आणि अँप मोठा केला की त्यावर टिचकी मारलेलीही ऐकू येते.

लाकडाबद्दल थोडक्यात. बॉडीला जुन्या वाड्यांच्या तुळयांचे सागवान आम्ही भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून घेतो. ते मुरलेले असते, पण खिळे शोधायला मेटल डिटेक्टर फिरवल्याशिवाय करवत लावू नये. सागवान तेलकट असल्याने सांध्याची बाजू अॅसिटोनने पुसून लगेच गोंद लावायचा. वजन हा त्याचा दोष आहे. खांदा दुखतो असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी तून वापरतो. मिरजेचे कारागीर सतारीला हेच हलके लाकूड वापरतात. नेक मात्र एका फळीचा करत नाही. चार तारा मिळून जवळजवळ ८० किलोचा ताण देतात. सागवान, शिसव, सागवान अशा तीन पट्ट्या उभ्या रेषांच्या घेऊन, मधली उलटी फिरवून चिकटवतो, आणि प्रत्येक कापानंतर पंधरा दिवस तशीच ठेवतो. जुलै-ऑगस्टमध्ये नेकचा गोंद लावत नाही. ओलाव्याचा मीटर १२ टक्क्यांच्या वर असताना केलेला नेक मार्चमध्ये आकसतो आणि फ्रेटची टोके कडेतून बाहेर येऊन तळहाताला लागतात.

स्केल, म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंतची तारेची लांबी, ३४ इंच, म्हणजे ८६३.६ मिमी. उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागत जायचे : पहिला फ्रेट नटपासून ४८.४७ मिमीवर, दुसरा ९४.२२, पाचवा २१६.६३, बारावा बरोबर ४३१.८. प्रत्येक खूण नटपासूनच मोजायची. फ्रेटपासून फ्रेट मोजले तर चुका साचत जातात. खाच ०.६ मिमी रुंद. तानपुऱ्याला जवारी काढताना तार घोडीला हलकेच घासावी लागते आणि त्यातूनच तो झणत्कार येतो. बासमध्ये तसाच घासलेला स्वर ऐकू आला तर एखादा फ्रेट उंच राहिला आहे. छोटी स्टीलपट्टी तीन फ्रेटवर ठेवून हलवली की तो सापडतो.

वायरिंगला दोन व्हॉल्यूम, एक टोन, तिन्ही २५० किलोओहमचे, आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, अंगावर ४७३ छापलेला. पुण्यातल्या तपकीर गल्लीत २५०चे पॉट (फिरवायचे रोधक) नसले तर २२०चे चालतात. १०० किलोओहमचे घेऊ नयेत, उंच स्वर तिथेच बसतात. पोकळीला तांब्याची चिकटपट्टी लावताना तुकड्यांच्या जोडावर सोल्डरचा ठिपका द्यायचा, कारण खालचा गोंद वीज वाहून नेतोच असे नाही. ब्रिजखालून अर्थची वायर विसरली तर तारेला हात लावला तरी घरघर कमी होत नाही, आणि ब्रिज पुन्हा काढावा लागतो.

जुळवणी शेवटी. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून ई तारेखाली पिकअपपासून ३ मिमी, जी तारेखाली २.५. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची २.५ आणि २ मिमी, नेकचा बाक सातव्या फ्रेटपाशी ०.३. हा बास छोट्या गिटार अँपवर ऐकून निर्णय देऊ नये, त्यात ४१ हर्ट्झ उमटतच नाही.

प्रत्येक पिकअपच्या खाली आम्ही एक चिठ्ठी चिकटवतो : वायरची जाडी, वेढे, दिशा, वरचा ध्रुव, ओहम आणि मोजतानाचे तापमान. त्याचीच नक्कल वहीत राहते. कॉइल कधी तुटली तर चिठ्ठीवरचे आकडे पाहून कुणाही जाणकाराला ती पुन्हा गुंडाळता येते, आमच्याकडेच यायला हवे असे नाही. सध्या पाच तारांच्या बासचे जिग तयार होत आहेत. खालची बी तार ३०.९ हर्ट्झची, त्यामुळे स्केल ३५ इंचांचा घेतला आहे आणि फ्रेटचा तक्ता नव्याने मांडून झाला आहे. खांबांची भोके अजून पाडायची आहेत.