बटाटा फुकट

दहावीच्या गणितातली दोन चलांतील रेषीय समीकरणं सोडवायला सोपी असतात. सहगुणक सारखे करायचे, वजाबाकी करून एका चलाचा लोप करायचा, मिळालेली किंमत परत ठेवायची. घाम फुटतो तो शाब्दिक उदाहरणाला, कारण तिथे समीकरण कुणी मांडून दिलेलं नसतं.

पहिला घोळ ‘क्ष मानू’ याच्या पुढेच होतो. क्ष म्हणजे कांदे नव्हेत, तर एक किलो कांद्याचा रुपयांतला भाव. शाळेत ३० मुलांमागे १ शिक्षक असतो, हे वाक्य भली शहाणी माणसंही ‘३०म = श’ असं लिहून मोकळी होतात. त्यात १० शिक्षक घालून पाहावेत : अख्ख्या शाळेत एक तृतीयांश मूल उरतं! खरं समीकरण म = ३०श. ‘तिपटीपेक्षा ५ ने जास्त’ असेल तर ज्याला ‘पेक्षा’ चिकटलंय त्याच्यात ५ मिळवायचे. दशकस्थानी क्ष आणि एककस्थानी य असेल तर दोन अंकी संख्या १०क्ष + य, नुसती क्षय नव्हे.

देवाणघेवाणीत तर आकडा दोन्हीकडे हलतो. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त (तिथे पहिल्यानंतरच्या अव्यक्तांना, म्हणजे अज्ञात संख्यांना, कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावं आहेत) दोन मित्र भेटतात. एक म्हणतो, मला १०० दे, मी तुझ्या दुप्पट श्रीमंत होईन. दुसरा म्हणतो, तूच १० दे, मी तुझ्या सहापट होईन. समीकरणं क्ष + १०० = २(य − १००) आणि य + १० = ६(क्ष − १०). कंसातली वजाबाकी विसरली की संपलं. उत्तर ४० आणि १७०.

एवढं सांभाळलं तरी दुसऱ्या वाक्याने काही नवीन सांगायला हवं. २ वडापाव आणि १ चहाचे ५० रुपये, ४ वडापाव आणि २ चहाचे १००, यातून चहाचा भाव कुणाच्या बापाला काढता यायचा नाही. एकच बातमी दोनदा ऐकली, एवढंच.

त्याहून वाईट म्हणजे बातमी किंचितच नवी असणं. कांदे ३० रुपये, बटाटे २५. एका दिवशी ५ किलो कांदे आणि ४ किलो बटाटे घेतले : २५० रुपये. दुसऱ्या दिवशी ६ आणि ५ किलो : ३०५. भाजीवाला भला माणूस, वरचे ५ सोडतो, ३०० घेतो. आता सोडवा. कांदा ५० रुपये आणि बटाटा फुकट! चूक कुठेच नाही. दोन्ही खरेद्या जवळजवळ सारख्या, म्हणून निश्चयक (सहगुणकांच्या तिरप्या गुणाकारांतला फरक, ज्याने शेवटी भागायचं असतं) ५ × ५ − ४ × ६ = १, आणि तो इतका लहान असला की पाच रुपयांची सूट पाचपट, चौपट होऊन भावात शिरते. तेच एकदा ५ किलो कांदे नि १ किलो बटाटे (१७५), एकदा उलट (१५५) घेतले असते, तर निश्चयक २४. पाच रुपये सोडूनही कांदा ३०.२१ आणि बटाटा २३.९६ येतो. भाव हुडकायचे असतील तर पिशव्या अगदी वेगळ्या भराव्यात.

विजेच्या बिलात तर रेषाच मोडते. समजा स्थिर आकार १३०, पहिल्या १०० युनिटना ६ रुपये, पुढच्यांना १२. ८० युनिटचं बिल ६१०, १२० चं ९७०. दोन समीकरणं मांडली की युनिटचा दर ९ रुपये निघतो, आणि स्थिर आकार वजा ११०. मीटर लावून घेतल्याबद्दल कंपनीच दरमहा पैसे देते म्हणायचं! टप्पा ओलांडला की एकच दर धरून चालत नाही. दोन्ही बिलं १०० च्या वरची घेतली तर १२ चा दर बरोबर मिळतो, पण स्थिर आकार वजा ४७० वर जाऊन बसतो. तेव्हा दोन्ही शंभराच्या आतलीच निवडावीत. पंखा बंद असलेले थंडीचे महिने बरे.