एस-खुर्ची: विणकाम संपलं, गिऱ्हाईक घरातच सापडलं

दोघांच्या एस-खुर्चीच्या दोन्ही बैठका वेताने विणून झाल्या. पहिल्या बैठकीला तीन रविवार गेले, दुसरीला दीड. सहापदरी जाळी: दोन उभे पदर, दोन आडवे, दोन तिरके. वेत भिजवून घेतला तरच वळतो, पण ओला असताना मी तो वीणेच्या तारेसारखा ताणला. वाळताना वेत आकसतो हे माहीत असूनही! रात्री कटकन आवाज आला, सकाळी पाहतो तर चार पदर तुटलेले. दुसऱ्या बैठकीला बोट दाबल्यावर जरा खाली जाईल एवढी ढील ठेवली.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी सांगतो. दोघांची खुर्ची, वरून पाहिली तर इंग्रजी एस. माणसं शेजारी बसतात, तोंडं मात्र उलट दिशांना. फ्रान्समध्ये तिसऱ्या नेपोलियनच्या काळात (१८५२–१८७०) दिवाणखान्यांत हिची चलती होती. आजीने पाहताक्षणी विचारलं, "अरे, ही रुसलेल्या नवराबायकोची का रे?"

आता उपयोग. टीव्हीसाठी बाद, एकाला भिंतच दिसते. भिंतीला टेकवून ठेवावी तर दुसऱ्याचे गुडघे भिंतीत. मधल्या सामाईक हातावर फळी बसवून बुद्धिबळ मांडून पाहिलं. जमतं, पण मान अवघडते. त्याच फळीवर परात ठेवून मटार सोलणं मात्र झकास.

खरा शोध आजीनेच लावला. तिचा डावा कान गेलाय. सोफ्यावर उजव्या टोकाला बसली की शेजारच्याचं बोलणं बहिऱ्या कानाशी, म्हणून मग उठाउठी. या खुर्चीत दोघांच्याही उजव्या बाजू एकमेकांकडे येतात, कुठल्याही जागी बसा! परवा तासभर गप्पा झाल्या आणि तिने एकदाही "काय?" म्हटलं नाही. मान किंचित वळवली की ओठही दिसतात.

कुणाला करायची असेल तर आधी कान विचारा. एस आकारात उजवी बाजू उजवीकडे येते, उलटा एस केलात तर डावी डावीकडे. मला हे सांगाडा विकत घेतल्यावर कळलं, नशीब म्हणून आकार बरोबर निघाला.

चपडा लाखेचं पॉलिश पावसाळा सरल्यावर. दमट हवेत पांढुरकं धरतं, आणि आजी तोवर उठायला तयार नाही.