पडघ्याच्या खाचरात विमानांच्या मागे

रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानांचे पहिल्या अर्ध्या तासात सहाशे फोटो काढले, त्यातले बहुतेक रिकाम्या आभाळाचे. काहींत शेपटीचा कोपरा, एकात टिटवी.

ठाण्याहून साडेपाचला निघालो होतो. माजिवड्याहून नाशिक हायवे धरला की त्या वेळी पडघा लवकर गाठता येतं. सातला निघालात तर माणकोलीला कंटेनरच्या रांगेत सूर्योदय बघाल. भात कापून झाल्यावर बांध मोडून, रोलर फिरवून मित्राच्या गटाने इथे धावपट्टी केली आहे. जागा खाजगी आहे, ओळखीशिवाय जाऊ नका. गटातले दोघे खारघरहून येतात. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय काही उडवता येत नाही, त्यामुळे नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यापासून तिकडची मैदानं बंद. स्वतःचा ड्रोन नेणार असाल तर डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलचा नकाशा आधी बघा.

माझी चूक शटरची होती. १/२५०० सेकंदावर ठेवला होता. पंखा आत दडलेल्या फोमच्या जेटला ते चालतं, पण पुढे पंखा असलेल्या विमानाची पाती गोठतात आणि ते दोऱ्याने टांगल्यासारखं दिसतं. मोटर मिनिटाला १०,००० फेरे घेत असेल तर अर्धा फेरा १/३३३ सेकंदात होतो. दोन पात्यांची पूर्ण चकती दिसायला निदान तेवढा वेळ द्यावा लागतो. मी १/३२० वर आलो. पण तेवढ्यात ताशी ८० किलोमीटरने जाणारं विमान सात सेंटिमीटर पुढे सरकतं, म्हणजे कॅमेरा त्याच्याच वेगाने फिरायला हवा. हात बसेपर्यंत १/१००० बरा.

गटातले एक काका मागून म्हणाले, "अरे, शेपटीमागे काय धावतोस? एक फेरी नुसती बघ ना." बघितली. बॅटरीवरचं विमान सहा-सात मिनिटं उडतं आणि उडवणारा लो पास, म्हणजे जमिनीलगतची फेरी, बहुतेक त्याच रेषेत देतो. मग पावलं ज्या जागी फोटो हवा तिकडे रोवली, कंबर वळवून विमान लांबूनच पकडलं आणि बटण दाबल्यावरही वळत राहिलो. फोकस कंटिन्युअस, म्हणजे विमानाबरोबर बदलत राहणारा, आणि मधल्या पॉइंटचा गट, एकच पॉइंट नको. ७०-३०० मिमीची लेन्स पुरते, मोठ्या लेन्सने विमान सापडतच नाही.

विमान आभाळात असेल तर एक्स्पोजर एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, वाढवा, नाहीतर पोट काळं येतं. पण वेग दिसायला मागे काहीतरी हवं. पश्चिमेला आंब्यांची रांग आहे; सकाळी ऊन पाठीशी घेऊन तिकडे तोंड करा. दुसऱ्या बाजूला गोदामांचे निळे पत्रे आहेत, ते प्रत्येक फोटोत घुसतात. सगळ्यात सोपा फोटो उतरतानाचा: विमान वाऱ्याला तोंड देऊन, सावकाश येतं.

उभं राहायचं उडवणाऱ्यांच्या मागे, आणि विमान उतरत असताना त्यांच्याशी बोलायचं नाही. एक ट्रेनर, म्हणजे शिकाऊंचं विमान, बांधावर आपटलं तेव्हा मी फोटोसाठी धावलो आणि ओरडा खाल्ला. दबलेली लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी थोड्या वेळानेही पेट घेऊ शकते.

दहानंतर जमीन तापते, हवा थरथरते आणि फोटो मऊ येतात. मी तासभर लेन्सला दोष देत होतो. तेव्हा कॅमेरा बॅगेत टाका आणि हायवेवर वडापाव खा. मी ११४० फोटोंतले १९ ठेवले. काकांनी त्यातला चाक टेकतानाचा एक मागून घेतला.